मदत हवी आहे: टीएमएसच्या सत्रात ट्रॅकर सरकतो

नमस्कार. पक्षाघातानंतर हाताची हालचाल किती परत येते, यावर मुंबईत टीएमएसचा, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय पल्स देऊन मेंदू उत्तेजित करण्याच्या तंत्राचा, अभ्यास सुरू आहे. डोक्याच्या पट्ट्यावरचा ट्रॅकर कॅमेऱ्याला डोक्याची जागा दाखवतो, त्यावरून कॉइल नेमकी ठेवतो. १ मिमीचा टी१ एमआरआय (मेंदूच्या रचनेचं चित्र), पल्स देणारी आठाच्या आकाराची कॉइल, मध्यरेषेशी ४५ अंशांत. नाकाचं मूळ आणि दोन्ही कानांपुढचे बिंदू एमआरआयशी जुळवल्यावर चूक २ मिमीच्या आत असते. वीस मिनिटांनी तपासलं की ५-६ मिमी. मग मोटर थ्रेशोल्ड, म्हणजे १० पैकी ५ वेळा स्नायूत निदान ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी किमान तीव्रता, वाढलेला दिसतो. मेंदू तोच असतो, कॉइल जागेवर नसते. हे नजरेतून सुटलं तर निकालच फसवा.

संशय डोक्याच्या पट्ट्यावर आहे. केसांना खोबरेल तेल, वर जुलैची दमट हवा. पट्टा भुवयांकडे उतरतो, त्यावरचे ट्रॅकरचे परावर्तक गोळेही. कपाळ स्पिरिटने पुसूनही दुपारी तेच.

ट्रॅकर थेट कपाळाला चिकटवला तर टिकतो का? वयस्कर रुग्णांच्या पातळ त्वचेला कोणती टेप सोसते? आणि किती पल्सनंतर बिंदू पुन्हा तपासता?

ईएमजीत (स्नायूच्या विद्युत नोंदीत) वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुणही आहे. तेवढीच वारंवारता गाळणाऱ्या नॉच फिल्टरने प्रतिसादाचा आकार बिघडतो, म्हणून तो नको. अर्थिंग कसं सुधारलंत, तेही कृपया सांगा.