धमनीच्या आत औषध: हायड्रोजेलचा थर की धातूचा स्टेंट?

रेवती: अँजिओप्लास्टीत, म्हणजे अरुंद झालेली धमनी फुग्याने उघडताना, तिचं आतलं अस्तर सोलवटतं. मग भिंतीतल्या स्नायूपेशी बेसुमार वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद होते. स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी. ही वाढ रोखणारं सिरोलिमस हे औषध लावलेले स्टेंट अमेरिकेत २००३ मध्ये आले, पण औषध संपलं तरी धातू जन्मभर आतच. त्याऐवजी औषध भरलेलं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीचा पातळ थर, भिंतीवर का नको? १९९४ मध्येच संशोधक जेफ्री हबेल यांच्या गटाने प्राण्यांच्या दुखावलेल्या धमनीत द्रावण सोडून, प्रकाशाने ते जागीच गोठवलं होतं. गुठळ्या कमी झाल्या, भिंतही कमी जाड झाली.

दिगंबर: ताई, १९९४ पासूनचं हे आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, रुळलेलं नाही, त्याला कारण आहे. जेल बसेपर्यंत रक्त थोपवावं लागतं. हृदयाच्या धमनीत फुगा मिनिटभर फुगवून ठेवला तरी छातीत दुखू लागतं, ईसीजी बदलतो. त्यात जेलचा तुकडा सुटला तर पुढची बारीक वाहिनी बंद!

रेवती: चिकटण्यावरही काम झालंय. शिंपले खडकाला ज्या रसायनाने चिकटतात, तोच रासायनिक गट जोडलेलं जेल २०१२ मध्ये उंदरांच्या धमनीत वाहत्या रक्तातही टिकलं. त्यातल्या स्टिरॉइडने दाह कमी झाला.

दिगंबर: उंदरांत. अ‍ॅबसॉर्ब या विरघळणाऱ्या स्टेंटचं काय झालं ते आठवा. अ‍ॅबसॉर्बला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१७ मध्ये विक्री थांबली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्या जास्त होत होत्या. विरघळतं म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका.

सुनीता: डायलिसिससाठी फिस्टुला करताना, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी शिरेला जोडताना, वाहिनी समोर उघडीच असते. जेल बाहेरून लावा ना! रक्त थोपवायला नको, तुकडा वाहून जायची भीती नाही.

रेवती: सुनीता, शस्त्रक्रिया असेल तिथे बरोबर. पण अँजिओप्लास्टीत बाहेरून हात पोचत नाही. औषध लावलेल्या फुग्यावरचं बरंचसं औषध रक्तात वाहून जातं, ते मला सलतं. सुरुवात पायापासून करा. मांडीची धमनी काही मिनिटं बंद राहिलेली पाय सोसतो, आणि गुडघ्यामागे वाकून वाकून स्टेंट तुटतात. तिथे जेलची खरी गरज आहे.

दिगंबर: पायापुरतं पटतंय. पण चाचणी सहा महिन्यांवर आटोपू नका. अ‍ॅबसॉर्बच्या गुठळ्या वर्षभरानंतरही होत होत्या. किमान तीन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवा, मगच हृदयाचं बोलू.