छोटी शाळा, मोठी शाळा : तुमचे अनुभव लिहा

खारीबिस्किट, सांगली

लेक बावीस डिसेंबरला तीन वर्षांची होईल. प्रवेशाच्या ३१ डिसेंबरच्या वयाच्या नियमात नऊ दिवसांनी बसते, म्हणजे वर्गातली शेंडेफळ. घरापासून चालत सात मिनिटांवर एक शाळा आहे : जुना बंगला, मागे पेरूचं झाड, नर्सरी ते चौथी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी, तुकडीत वीसेक मुलं. बायपासला एक मोठी शाळा आहे, दहावीपर्यंतची. नवऱ्याचं म्हणणं, मोठीत घालू, दहावीपर्यंत बघायला नको. सासूबाईंचं म्हणणं, तिसऱ्या वर्षी शाळा हवीच कशाला. मला बंगला आवडलाय, पण पेरूच्या झाडापायी शाळा निवडतेय की काय अशी माझी मलाच शंका येते.

कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद ही प्रयोगशील शाळा सुरू केली, पुढच्याच वर्षी फलटणला मॅक्सीनमावशींची (मॅक्सीन बर्नसन) कमला निंबकर बालभवन. असं काही आमच्या पेठेत नाही, आणि सगळे त्यांचंच नाव घेऊन शाळा काढतात. म्हणून माहितीपत्रक नको, अनुभव हवेत. घातलेल्यांनी लिहा, काढलेल्यांनी तर लिहाच. शाळेचं नाव नको, गाव चालेल.

पाटीपेन्सिल, पुणे

आम्ही ज्या दिवशी शाळा बघायला गेलो, त्या दिवशी मोठ्या ताई आम्हाला काहीतरी शिक्षणाचं तत्त्वज्ञान सांगत होत्या. तेवढ्यात दारात एक मुलगा येऊन उभा राहिला, चड्डी ओली, ओठ बाहेर काढलेला. ताई बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठल्या. कपाटातून चड्डी काढली (तिथे घड्या घातलेल्या आठ-दहा होत्या, म्हणजे हे रोजचंच), त्याला मावशींकडे दिलं आणि जाताना त्याच्या कानात काहीतरी म्हणाल्या. तो खुदकन हसला. वर्गातून एकही मूल डोकावलं नाही. ताई परत आल्या तेव्हा आपण काय सांगत होतो हे त्यांना आठवेना. मला तत्त्वज्ञान नकोच होतं, मी फॉर्म मागितला.

चार वर्षं सोन्यासारखी गेली. मग ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कारभार पुतण्याकडे आला. माणूस वाईट नव्हता. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मातीकामाच्या खोलीत कॉम्प्युटर होते आणि पहिलीच्या मुलीला रोज दोन पानं गृहपाठ. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातच आहे, ते मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, पालकच मागतात." आणि खरं सांगते, मागतच होते.

छोटी शाळा म्हणजे एक माणूस असतो. त्या माणसाचं वय विचारून घ्या. गंमत नाही करत.

दुपारची_झोप, ठाणे

बाकी काही बघू नका, संडास-मुतारी बघा. आणि ती अकरा वाजता बघा, साडेआठला सगळ्यांचीच स्वच्छ असते.

खडूधूळ, सातारा जिल्हा

आमच्या तालुक्याच्या गावात पाटीवर ठळक अक्षरात 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं. पॅटर्न म्हणजे मंडळाची मान्यता नव्हे, हे मला मुलगा दुसरीत गेल्यावर कळलं. पुस्तकं मंडळासारखी, वेळापत्रक मंडळासारखं, संलग्नता मात्र नाही. तेही चाललं असतं, राज्य सरकारची तरी मान्यता असती तर. मुलाची ऑनलाइन नोंद शोधायला गेलो तर तो बारा किलोमीटरवरच्या, त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत शिकत असल्याचं निघालं. त्या गावात त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं.

तेव्हा, खारीबिस्किटताई, पहिला प्रश्न पेरूच्या झाडाचा नाही, यूडायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदणी क्रमांकाचा. अकरा आकडी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मागा, आणि संकेतस्थळावर टाकून शाळेचं नाव, पत्ता, कुठल्या इयत्तेपर्यंत मान्यता, हे स्वतः बघा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड झाला म्हणून आपल्या पोराची दोन वर्षं परत येत नाहीत.

शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत घातला. दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, हे तिथल्या गुरुजींनीच सांगितलं आणि वयाप्रमाणे तिसरीत बसवून घेतलं. आठवड्याभराने विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, "इथे कबड्डी आहे." ज्यासाठी मी वर्षाला पस्तीस हजार भरत होतो त्यात कबड्डी नव्हती.

हजेरीपट, नाशिक

मी अशाच एका शाळेत सात वर्षं शिकवलं, त्यामुळे आतलं सांगते. पालक आले की आम्ही साहित्य मांडून ठेवायचो : गुलाबी मनोरा, मण्यांच्या माळा, वाळूची अक्षरं. तुम्ही ते बघून भारावू नका, कोपरे बघा. वापरातल्या ठोकळ्यांचे कोपरे झिजलेले असतात, रंग उडालेला असतो, कोड्यातला एक तुकडा हमखास हरवलेला असतो. सगळं करकरीत असेल तर ते तुमच्यासाठी मांडलंय, मुलांसाठी नाही. आणि पाटीवर मॉन्टेसरी हा शब्द कुणालाही लिहिता येतो, त्याला परवाना लागत नाही.

दुसरं, दोन-तीन बाईंना सहज विचारा, इथे किती वर्षं झाली? आमच्याकडे पगार इतका कमी होता की बी.एड. संपलं की मुली निघून जायच्या. छोट्या गटातल्या मुलांनी एका वर्षात तीन ताई बघितल्या. त्यातल्या एकाने तिसऱ्या ताईला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू कधी जाणार?" मी तेव्हा शेजारच्या वर्गात होते, अजून आठवतं.

एक कबुलीही देते. पहिलीच्या प्रवेशाला मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे. आम्ही त्याला 'ओळखभेट' म्हणायचो. भेटीत वडिलांचा व्यवसाय विचारायचो आणि पेन्सिलीने फॉर्मच्या कोपऱ्यात खूण करायचो.

तीनचाकी, पिंपरी

आमच्या पोराचा नंबर शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांत लागला, २०२४ ला. त्या वर्षी सरकारने मध्येच नियम बदलला होता, की जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळा यातून सूट. म्हणजे आमच्यासारख्यांना खाजगी शाळा जवळजवळ उरलीच नाही. जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला, तोवर वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. पोरगं उशिरा गेलं. सगळे एकमेकांना ओळखत होते, हाच नवा.

शाळा छोटी, त्यामुळे लपायला जागा नाही. कोणाची फी सरकार भरतं हे सगळ्यांना माहीत. गॅदरिंगच्या ड्रेसचे नऊशे मागितले तेव्हा मी विचारलं, हे कशात येतं? उत्तर नाही आलं. पण एक सांगतो. त्याच्या बाई रोज सुटताना गेटवर येऊन प्रत्येक पोराचं काहीतरी एक सांगतात. "आज याने डबा वाटून खाल्ला." "आज हा रुसला होता." रिक्षा गेटसमोर लावायला मनाई आहे, तरी मी दोन मिनिटं थांबतो ते ऐकायला. मोठ्या शाळेची पोरं पण मी सोडतो, तिथे आयकार्ड दाखवून मूल ताब्यात मिळतं, बोलत कोणी नाही.

वरणफळं, डोंबिवली

खारीबिस्किट, तुमचा नवरा अगदीच चुकीचा नाही. चौथीनंतर काय, हा प्रश्न आम्ही चौथीच्या दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. मग पाच शाळा हिंडलो. पाचवीत नवीन तुकडी कुणीच काढत नाही, एखाद्याची बदली झाली तरच जागा. एका ठिकाणी क्लार्क म्हणाला, "पहिलीलाच का नाही आलात?" जणू मी एसटी चुकवली होती.

मिळाली शेवटी. वर्गात साठ मुलं. मुलीला प्रश्न पडला की ती विचारायची, तशी सवयच होती. दुसऱ्या आठवड्यात डायरीत लाल शाईने शेरा : 'वर्गात फार बोलते.' माझ्या घशाशी आवंढा आला. तिने मात्र त्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कोणत्या प्रश्नाबद्दल?' ते पान मी सही करून तसंच पाठवलं. दिवाळीनंतर रुळली. प्रश्न कमी झाले का, हे मी तिला विचारलेलं नाही.

खारीबिस्किट, सांगली

सगळ्यांचे आभार. काल परत गेले, न कळवता, अकरा वाजता. मुतारी बरी आहे, एक नळ गळतोय. यूडायस नंबर बाईंनी लगेच दिला, पत्ता बंगल्याचाच निघाला. ठोकळ्यांचे कोपरे झिजलेले आहेत (हजेरीपट, मी खरोखर हातात घेऊन बघितले, बाई हसत होत्या). बाई एकावन्न वर्षांच्या आहेत, वय कसंबसं विचारलं.

चौथीनंतरचं विचारल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांब वही काढली. दर वर्षीच्या चौथीतलं प्रत्येक मूल पाचवीला कुठे गेलं ते लिहिलेलं. यंदाच्या अठरापैकी तीन नावांपुढे जागा कोरी होती. "या तिघांसाठी मी अजून हिंडतेय," म्हणाल्या. नवऱ्याला वहीचा फोटो हवा होता, मी काढला नाही, दुसऱ्यांच्या मुलांची नावं होती त्यात.

फॉर्म आणलाय. पण लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं नाव माहेरचं आहे आणि आधारवर सासरचं. हे कुठून दुरुस्त करून घ्यायचं, महापालिकेतून की आधार केंद्रातून? कुणी हल्लीच केलं असेल तर सांगा.