मुदत संपलेल्या डॉट कॉम नावावर बोली लावावी का, आणि कुठे थांबावे?

डाळमिल_लातूर यांचा प्रश्न

नमस्कार. लातूरच्या एमआयडीसीत आमची तूरडाळीची मिल आहे. आमच्या पिशवीवर जे नाव छापलेले असते तेच डॉट कॉम नाव आजवर दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होते. त्याची मुदत संपल्यामुळे ते आता गोडॅडी या नावे विकणाऱ्या कंपनीच्या लिलावात आले आहे. बोली 185 डॉलरपर्यंत चढली आहे, माझ्याखेरीज आणखी दोघे मागे लागले आहेत आणि लिलाव परवा संपतो. त्याच नावाचे डॉट इन मात्र मोकळे असून नेहमीच्या वार्षिक दरात मिळते आहे. बाजार समितीच्या सौद्यात समोर ढीग असतो, मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा आणि काडीकचरा पाहता येतो आणि मगच आपण भाव बोलतो. इथे बोलीआधी तपासण्यासारखे काय असते आणि कोणत्या रकमेला हात आखडता घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

नांदेड_वेबसेवा यांचे उत्तर

दादा, तपासण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बोली वाढवण्याआधीच तपासले पाहिजे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते नाव टाकले की त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी काय होते याची जपून ठेवलेली पाने दिसतात. जालन्याच्या एका बियाणे विक्रेत्यासाठी मी असेच एक नाव पाहिले होते: सुरुवातीची काही वर्षे एका दुकानाचे साधे पान, मग बराच काळ रिकामी जागा, आणि त्यानंतर एकाएकी परक्या लिपीतील जुगाराची शेकडो पाने. असा इतिहास असलेले नाव स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शोधयंत्रांत त्याची पत आधीच गेलेली असू शकते आणि त्या नावावरून पाठवलेली ईमेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडण्याची भीती राहते. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीत ते नाव आहे का, हेही विनामूल्य पाहता येते. जुन्या नावाची पुण्याई वापरून शोधनिकालांत वर चढण्याच्या प्रकाराला गुगलने मार्च 2024 मध्ये आपल्या स्पॅमविषयक धोरणात उघडपणे गैरवापर ठरवले आहे. तेव्हा ‘नाव जुने आहे, म्हणून किंमत जास्त’ या युक्तिवादाला तुमच्यासारख्या खऱ्या व्यावसायिकाने फारसे महत्त्व देऊ नये.

रकमेबद्दल सांगायचे तर कमाल आकडा आज शांतपणे ठरवा आणि तोच प्रणालीत एकदाच भरून ठेवा. प्रणाली तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते, त्यामुळे कमाल आकडा मोठा भरला म्हणून लगेच तेवढेच पैसे जात नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली तर वेळ पुन्हा पाच मिनिटांनी वाढते, म्हणून अखेरच्या क्षणी झडप घालण्याचा डाव इथे चालत नाही. उलट त्या वाढत्या मिनिटांतच माणूस ईर्ष्येला पेटतो आणि ठरवलेला आकडा ओलांडून बसतो. जिंकल्यावर बोलीच्या वर एका वर्षाचे नूतनीकरण शुल्क द्यावे लागते आणि डॉलरमधील व्यवहारावर बँकेचे कार्ड शुल्क लागते, तेही त्याच आकड्यात धरा.

परभणीकर यांचे उत्तर

लिलावाचे काहीही होवो, डॉट इन आजच घ्या. तुम्ही ज्यांच्याशी चढाओढ करत आहात त्यांनाही ते मोकळे असल्याचे दिसते आहे. देवनागरीतील डॉट भारत नावे 2014 पासून मिळतात. पिशवीवर मराठी नाव असेल तर तेही पाहून ठेवावे.

वकील_संभाजीनगर यांचे उत्तर

आपल्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला आहे का, हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने तोच कळीचा प्रश्न आहे. डोमेन नावालाही, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या नावालाही, व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट या खटल्यात मान्य केले आहे. दुसऱ्याने ते डॉट कॉम केवळ आपल्याला चढ्या भावाने विकण्यासाठी घेतले, तर यूडीआरपी या डोमेन नावांच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय तंटानिवारण पद्धतीने तक्रार करता येते. डॉट इनसाठी ती नावे सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची स्वतंत्र पद्धत आहे. मात्र यूडीआरपीत समोरच्याचा नावावर हक्क नाही आणि त्याने ते दुर्हेतूने घेतले व वापरले, या दोन्ही गोष्टी आपल्यालाच सिद्ध कराव्या लागतात. त्याचे आडनाव तेच असेल किंवा त्या नावाने त्याचा प्रामाणिक धंदा असेल तर तक्रार टिकत नाही. शिवाय अशा तक्रारी ऐकणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका सदस्याच्या मंडळासाठी 1500 डॉलर शुल्क आहे. म्हणून नाव हातचे गेले तरी कायद्याने परत मिळवू, या भरवशावर लिलाव सोडू नये. आणि त्याच नावाचा ट्रेडमार्क दुसऱ्या कोणाकडे असेल तर लिलाव जिंकूनही ते नाव आपल्याला निर्धास्तपणे वापरता येणार नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शोध विनामूल्य आहे. तो आज रात्रीच करावा.

डाळमिल_लातूर

सर्वांचा आभारी आहे. ट्रेडमार्क आमच्या वडिलांच्या नावे नोंदवलेला आहे, डॉट इन घेतले, आणि वेबॅक मशीनमध्ये हैदराबादच्या एका किराणा दुकानाचे पान सोडून वावगे काही दिसले नाही. संकेतस्थळ नसले तरी आमचा धंदा चालतोच, त्यामुळे 300 डॉलर ही कमाल रक्कम भरून ठेवली आहे. जिंकलो तर नाव लगेच वापरता येईल का?

नांदेड_वेबसेवा

लगेच नव्हे. मुदत संपलेले नाव लिलावात विकले गेल्यावरही काही दिवस जुना मालक नूतनीकरण करून ते परत घेऊ शकतो. तसे झाले तर विक्री रद्द होऊन तुमचे पैसे परत मिळतात. म्हणून नाव तुमच्या खात्यात दिसेपर्यंत पिशव्यांची नवी छपाई देऊ नका. खात्यात आल्यावर नेमसर्व्हर (नाव कोणत्या सर्व्हरकडे वळवायचे ते सांगणारी नोंद) बदलून संकेतस्थळ आणि ईमेल सुरू करता येतात, फक्त दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नावे नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नाव हलवण्यावर साधारण 60 दिवसांचे बंधन येते आणि त्याने तुमचे काही अडत नाही. वडिलांशी बोलून नोंदणी मिलच्या नावाने आणि मिलच्याच ईमेलवर करा. संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यात ती कधीही ठेवू नका, कारण मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी येणाऱ्या सूचना नोंदवलेल्या पत्त्यावरच जातात.