मदत हवी आहे : सभेच्या इतिवृत्तात 'आरोपी' लिहू, 'संशयित' लिहू की आणखी काही?

नाइलाजाने_सचिव

नमस्कार मंडळी. रविवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

आमची बावीस बिऱ्हाडांची सोसायटी. कोणीच तयार होईना म्हणून गेल्या वर्षी सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. यंदा लिफ्टच्या दुरुस्तीच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक यांचा मेळ बसेना, १,८६,४०० रुपयांचा फरक निघाला. खजिनदार म्हणतात, कंत्राटदाराला रोख दिले, पावती घ्यायची राहिली. कंत्राटदार फोन उचलत नाही. मग सभा, आरडाओरडा, आणि हात वर करून ठराव, की पोलिसांत अर्ज द्यायचा. दिला. पोहोचेचा शिक्का मिळाला, त्यापुढे काही नाही.

त्यानंतर पुन्हा एक सभा झाली. तिचं इतिवृत्त लिहायला बसलो आणि तिथेच अडलोय. पहिल्या मसुद्यात मी "आरोपी खजिनदार" लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, फारच मिळमिळीत, सरळ "गुन्हेगार" लिहा. बायकोने मसुदा वाचला आणि म्हणाली, "अहो, गणपतीत आरतीचं तबक त्यांच्याच हातात होतं की." म्हणून खोडून "संशयित" केलं. तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "भामटा" टाकून एक जण मोकळे झाले होते.

हा कागद उद्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाऊ शकतो आणि खजिनदार स्वतःही वाचणार. नेमका शब्द कोणता?

बोरूबहाद्दर

'संशयित' ठेवा. आम्ही वर्तमानपत्रवाले तेच करतो. 'संशयित आरोपी' मात्र नको, असं आमच्याकडेच रोज छापून येतं आणि रोज डोक्यात जातं. आणि टाइप करताना 'संशयी' होऊ देऊ नका. संशयी तुमचे अध्यक्ष, संशयित तुमचे खजिनदार.

ठाण्यातला_रायटर

बोरूबहाद्दर, नाही पटलं. पोलीस ठाण्यात रायटरकी करून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सचिवसाहेब, पहिला प्रश्न एकच : गु.र.नं. पडला का? म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. तो पडेपर्यंत पोलिसांच्या कागदावर आरोपी नावाचा माणूसच नसतो. तुम्ही दिलाय तो तक्रार अर्ज. त्यात तुम्ही अर्जदार आणि खजिनदार 'गैरअर्जदार'. आम्ही जबाब लिहून घ्यायचो तेव्हा "यातील गैरअर्जदार यांनी समक्ष विचारता सांगितले की..." अशीच सुरुवात व्हायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(३) आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेचा दखलपात्र गुन्हा असेल तर उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. विश्वासघाताच्या साध्या कलमाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तुमचं प्रकरण त्यात बसू शकतं. तुमचा अर्ज बहुधा तशाच कुठल्या चौकशीत पडून असेल.

गुन्हा दाखल झाला की तुम्ही फिर्यादी, ते आरोपी. त्यातही पोटभेद फार. तपासात नाव पुढे आलं तर 'निष्पन्न आरोपी', सापडत नसेल तर 'पाहिजे आरोपी', नावच माहीत नसेल तर 'अज्ञात इसम'. वय अठराच्या आत असेल तर आरोपी म्हणायचंच नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. हा शब्द आला तेव्हा आमच्या हवालदारांची लिहिताना जी तारांबळ उडाली होती! कोर्टात दोषारोपपत्र गेलं तरी माणूस आरोपीच. जामीन नसेल तर तुरुंगाच्या वहीत 'न्यायाधीन बंदी', ज्याला लोक कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा लागली की 'सिद्धदोष बंदी'. 'गुन्हेगार' म्हणायचं तर इथे येऊन म्हणा. तुमचे अध्यक्ष चार जिने एकदम चढायला बघतायत.

पायरीवरचा_वकील

रायटरसाहेबांना दुजोरा. फक्त 'गैरअर्जदार' हा अर्जावरचा शब्द आहे, इतिवृत्तात तो उपरा वाटेल. शिवाय समोरच्या पक्षाला काय म्हणायचं याबाबत आपल्याकडे एकवाक्यता नाही. ग्राहक आयोगाचे मराठी निकाल काढून बघा : पुण्याकडे 'जाबदेणार', मराठवाड्यात 'गैरअर्जदार', कुठे 'सामनेवाले', कुठे 'विरुद्ध पक्ष'. सरकारी खात्यांच्या विभागीय चौकशीत 'अपचारी'. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते पोटाचं दुखणं वाटलं होतं.

तुम्ही त्यांना फक्त त्यांच्या पदाने संबोधा. "तत्कालीन खजिनदार" पुरे. आणि मसुद्यात 'अपहार' लिहिलंय का ते बघा. असेल तर काढा, 'हिशोबात तफावत' लिहा. माणसाला सौम्य शब्द आणि कृत्याला 'अपहार' म्हटलंत तर सगळं मुसळ केरात. ग्रुपवरच्या भामटेवाल्यांना न्याय संहितेचं कलम ३५६ वाचायला द्या, बदनामीचं आहे.

मोडी_वाचणारी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. 'फिर्यादी' आणि 'आरोपी' दोन्ही ईकारान्त. फिर्यादी म्हणजे फिर्याद करणारा. त्याच चालीने आरोपी म्हणजे आरोप करणारा व्हायला हवा होता! पण तो झाला ज्याच्यावर आरोप आहे तो, रोग असलेला रोगी तसा. म्हणून काही जण 'आरोपित' लिहा म्हणतात. रूढी त्यांचं ऐकत नाही.

जुन्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, याहून सुंदर जोडी आहे : अग्रवादी आणि पश्चिमवादी. आधी दाद मागायला आला तो अग्रवादी, मागाहून उत्तर द्यायला उभा राहिला तो पश्चिमवादी. कोणावरच शिक्का नाही, फक्त कोण आधी बोलला एवढंच. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने 'हरकी' भरायची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. म्हणजे गुन्हेगारी हा तेव्हा रोख भरायचा दंड होता, सरकारजमा व्हायचा. तुमच्या अध्यक्षांना हा अर्थ चालत असेल तर त्यांनी निवाड्यापर्यंत थांबावं.

बोरूबहाद्दर

हरलो. अग्रवादी-पश्चिमवादी उद्याच्या पानात कुठेतरी घुसवतोच.

सोलापूरचा_नातू

हसताय ते ठीक आहे. माझे आजोबा आमच्या गावच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाच्या आत जन्मले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच 'गुन्हेगार' म्हणून नोंदवायला सुरुवात झाली, त्यात आमचीही आली. त्यांनी काही केलं होतं का, हे कोणी विचारलंच नाही. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परगावी जायचं तर पास घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला आणि आम्ही 'विमुक्त' झालो. तरी शाळेत मास्तरांची पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर माझ्या वडिलांचं उघडलं जायचं. तुमच्या खजिनदारांच्या घरात शाळेत जाणारं कोणी असेल, तर तो शब्द कागदावर येण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

नाइलाजाने_सचिव

सर्वांचे आभार. सोलापूरच्या दादांचं वाचून मसुदा बाजूला ठेवला आणि चहा करून प्यायलो. खजिनदारांची धाकटी नववीत आहे, आमच्या मुलीच्याच रिक्षात जाते.

आता असं लिहिलंय :

"लिफ्ट दुरुस्तीच्या हिशोबात रु. १,८६,४००/- ची तफावत आढळल्याने मागील सभेच्या ठरावानुसार पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज देण्यात आला असून त्यावर चौकशी प्रलंबित आहे. तत्कालीन खजिनदार यांनी सदर रक्कम कंत्राटदारास रोख दिल्याचे सभेत सांगितले. पावती सादर झालेली नाही."

अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण सही केली.

पायरीवरचा_वकील

छान. त्यांचं म्हणणंही आलं हे उत्तम झालं. ग्रुपवरचा तो मेसेज पण डिलीट करायला लावा.

नाइलाजाने_सचिव

मेसेज काढायला लावला. पण नवीनच भानगड. संध्याकाळी मसुदा खजिनदारांच्या दारात नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. पण हे तत्कालीन कशाला? राजीनामा कुठे दिलाय मी?"

दिलेला नाही. पदावरून काढल्याचा ठरावही नाही. 'तत्कालीन' खोडलंय.