पावसाळी रानात वॉटरप्रूफ बूट नकोत, पाणी सोडणारे बूट घ्या

सत्तरीकर

मिरग जवळ आला की आमच्या गोव्यातल्या भटक्या मंडळींत एकच प्रश्न सुरू होतो : रानासाठी बूट कुठले घ्यायचे? उत्तरही ठरलेले. वॉटरप्रूफ घे, घोट्याच्या वर जाणारे घे, पैसे टाक आणि मोकळा हो. यंदा एका मित्राने बाहेरून 'हंटिंग बूट' मागवायचे ठरवले आहे. तो शिकार करणार नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्नच उरलेला नाही. पण शिकाऱ्यांसाठी बनवलेला बूट म्हणजे खाचखळग्यांत सगळ्यात आरामशीर आणि टिकाऊ, असा त्याचा हिशेब आहे.

माझे म्हणणे असे, की जून ते सप्टेंबर आपल्या रानात वॉटरप्रूफ बूट हा सगळ्यात वाईट बूट. बुटात पाणी शिरते ते वरून. सुर्ल्याच्या बाजूला फिरा नाहीतर नेत्रावळीत, वाटेत व्हाळ, म्हणजे ओढे, लागतातच आणि पाणी गुडघ्यापर्यंत येते. एकदा बूट वरून भरला की बुटातल्या ज्या जलरोधक पडद्याने बाहेरचे पाणी अडवायचे तोच आतले पाणी अडवून धरतो. पुढचा सगळा रस्ता पाय डबक्यात. कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मोज्याची शिवण घासायला लागते आणि संध्याकाळी टाचेचे साल निघालेले असते.

पाण्यात उतरलाच नाहीत तरी फार फरक पडत नाही. गोर-टेक्ससारखा पडदा घामाची वाफ बाहेर टाकतो तो आतल्या आणि बाहेरच्या बाष्पातल्या फरकावर. आपल्याकडे जुलैत हवाच 90 टक्क्यांच्या वर ओली असते. घाम जाणार कुठे?

हंटिंग बुटांचे तर गणितच वेगळे आहे. थंड मुलुखात पहाटे मचाणावर न हलता बसायचे असते, म्हणून त्यांतल्या बऱ्याच बुटांत दर चौरस मीटरला 400 ते 800 ग्रॅम, कधी त्याहून जास्त इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरणारे अस्तर, भरलेले असते. ते घालून चोर्ल्याचा घाट चढून बघा.

मग घ्यायचे काय? कापडी किंवा जाळीच्या अंगाचा हलका बूट, सोल मऊ रबराचा, आत फोमची जाड गादी नको. पाणी जसे शिरले तसे दहा पावलांत बाहेर पडले पाहिजे. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांना दिलेल्या जंगल बुटाला याच कारणासाठी तळव्याच्या आतल्या बाजूला जाळी बसवलेली दोन भोके होती आणि वरचा भाग चामड्याऐवजी नायलॉनच्या कापडाचा होता. ओल्या रानात पाय कोरडा राहत नाही हे धरून तो बूट केला होता. आपणही तेच धरून चालावे.

काजूवाला_सांगे

सत्तरीकर, तुमचे सगळे लिखाण रविवारी फिरणाऱ्याच्या नजरेतून आहे. आम्ही डोंगरावर कामाला जातो. पावसाळा सरला की काजूखालचे रान साफ करायचे असते, आणि त्या पाचोळ्यात फुरसे असते. तपकिरी पानांवर तपकिरी साप, ओंजळीत मावेल एवढा. पाऊल जवळ पडेपर्यंत दिसत नाही. घासताना येणारा खवल्यांचा आवाज ऐकू आलाच तर नशीब, कारण शेजारी गवत कापायचा कटर सुरू असतो.

जाळीच्या बुटातून त्याचा दात सहज जाईल. गमबुटाच्या जाड रबरातून, तेही आत पाय थोडा सैल असताना, जाणे फार अवघड. साप चावतो तो बहुतेक वेळा पायालाच, घोट्याच्या आसपास. शिवाय फुरसे, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर आपल्याकडचे प्रतिविष चालते; हिरव्या चापड्यावर चालत नाही. चापड्याच्या चाव्याने माणूस सहसा दगावत नाही, पण पाय सुजून पडून राहावे लागते. रानातून गाडीरस्ता, मग वाळपई नाहीतर सांगे, गरज पडली तर थेट बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे हॉस्पिटल. एवढा प्रवास टाळायचा तर पाय झाका. गमबूट घ्या.

रातबेडूक

काजूवाल्यांना अर्धा पाठिंबा. रात्री बेडूक बघायला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जातो तेव्हा मीही गमबूटच घालतो. तिथे घोटाभर पाणी, दलदल आणि गवत. सावकाश चालायचे, जास्त वेळ उभे राहायचे. त्या कामाला दुसरे काही नको.

पण गमबूट घालून उतार उतरू नका. टाच आत सरकते, अंगठा पुढे आपटतो आणि पाऊल कुठे टेकले ते कळत नाही. जांभ्याचा ओला उतार ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. सुका जांभा कानशीसारखा सोल खातो. तोच जांभा दोन आठवडे पावसात राहिला की त्याच्या भोकाभोकांत काळपट हिरवे शेवाळ धरते, आणि जिथे माणसांच्या येण्याजाण्याने दगड गुळगुळीत झाला आहे तिथे तर पाय थांबतच नाही. बाजारातल्या स्वस्त गमबुटांचा पीव्हीसीचा सोल तिथे काही कामाचा नाही. पीव्हीसी आणि रबर यांतला फरक दुकानात नखाने दाबून बघितला तरी कळतो. रबर दबते आणि परत येते.

आणि गमबुटात पाणी भरले तर? सत्तरीकरांचा मुद्दा तिथे दुप्पट लागू होतो. वाहत्या व्हाळात भरलेला गमबूट पाय ओढतो.

फोंडेकर

दोन्ही बाजू पटल्या नाहीत. चामड्याच्या घोटाबंद बुटाला इथे कोणी विचारतच नाही याचे आश्चर्य वाटते.

जाळीचा बूट एक पावसाळा टिकतो. कारवीच्या खुंटांनी आणि करवंदीच्या काट्यांनी बाजू फाटते, सोल डिंकाने चिकटवलेला असतो तो ओल्याने सुटतो. दर वर्षी नवी जोडी घ्यायची आणि त्याला स्वस्त म्हणायचे? चांगल्या जाड चामड्याचा, सोल शिवलेला बूट पाच-सहा वर्षे सहज जातो. सोल झिजला तर म्हापशाला किंवा मडगावला चांगला चांभार गाठून नवा बसवून घेता येतो. पाठीवर दहा-बारा किलो असेल आणि सोसोगडासारखी चढण असेल तेव्हा ताठ सोलाची किंमत कळते. मऊ बुटात प्रत्येक दगड तळव्याला टोचतो आणि दुपारपर्यंत पाय थकून जातो.

एक गोष्ट महाग बूट घेणाऱ्यांसाठी. सोलच्या वरचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर जपून. हवेतल्या ओलीने तो आतून कुजतो, बूट वापरला नाही तरी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने महागातले बूट बरेच वर्ष खोक्यात जपून ठेवले होते. बाहेर काढले तेव्हा वरून नवे कोरे. घाट उतरताना दोन्ही सोल गळून पडले, खालचा भाग बिस्किटाच्या चुऱ्यासारखा झाला होता. गोव्याच्या हवेत असे बूट जपून ठेवणे म्हणजेच ते घालवणे. वापरत राहा, आणि दर मोसमाआधी मधला थर अंगठ्याने दाबून बघा. भेगा दिसल्या की रानात नेऊ नका.

सत्तरीकर

@फोंडेकर, तुमचे चामडे ऑक्टोबर ते मे मला मान्य आहे. पावसात नाही. एकदा चिंब भिजलेला जाड चामड्याचा बूट वाळायला तीन-चार दिवस लागतात, आणि इथे चौथ्या दिवशी त्यावर बुरशी आलेली असते. चुलीजवळ ठेवून घाईने वाळवला तर चामडे आवळते आणि तडकते. शनिवारी भिजलेला बूट रविवारी परत घालायचा असेल तेव्हा टिकाऊपणाचा काय उपयोग?

मऊ सोलाबद्दल : महाराष्ट्रातले सह्याद्रीत फिरणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षे अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज वापरतात ते ओल्या कातळावरच्या पकडीसाठी. ते झिजतात हे खरेच. पण रबर जितके मऊ तितके ते दगडाला धरते आणि तितके लवकर झिजते. पकड आणि टिकाऊपणा एकाच सोलात पुरेपूर मिळत नाही, दोन्हींतले एक निवडावे लागते. घसरून मनगट मोडण्यापेक्षा दर दोन वर्षांनी जोडी बदललेली मला परवडते.

@काजूवाला, सापाचा धोका मी कमी लेखत नाही. त्यासाठी बुटावरून गुडघ्यापर्यंत बांधायचे जाड गेटर मिळतात. बूट पाणी सोडतो, नडगी झाकलेली राहते.

काजूवाला_सांगे

गेटर नडगी झाकेल. पावलाचे काय? फुरसे जमिनीलगत असते, पावलावर चावते, आणि पावलावर तुमची जाळी आहे.

केपेकरीण

इतकी चर्चा झाली आणि मापाबद्दल एक ओळ नाही. बूट कुठल्याही जातीचा असो, तो पायाला बसला नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

आम्हा बायकांची अडचण आधी सांगते. रानातले बूट बहुतेक दुकानांत पुरुषांच्या साच्यावरचे असतात. लहान नंबर मागितला की लांबी कमी होते, टाचेकडची रुंदी तशीच राहते. टाच वर-खाली होते आणि फोड येतो. गमबुटात तर हमखास. काजूवाला काका, तुमच्याकडे बोंडे वेचायला येणाऱ्या बायकांना गमबूट देत असाल तर त्यांच्या मापाचे देता का? आमच्या भागात मी पाहिले आहे, घरातल्या पुरुषाचे जुने गमबूट पुढे कापड कोंबून घालतात. असा बूट उतारावर सापापेक्षा जास्त धोक्याचा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. रानात जे मोजे घालणार तेच घालून जा. नाडी सैल ठेवून पाय पुढे ढकलला तर टाचेमागे एक बोट जायला हवे. मग नाडी आवळून दुकानाच्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहा. बोटे पुढे टेकली तर तो बूट उतारावर नखे काळी करणार. मोजे लोकरीचे किंवा नायलॉनचे. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि कातडी सोलतो.

डोंगरपायथा

पावसाळ्यावरच सगळे बोलत आहेत. आमच्या सत्तरीत 2015 साली पाळी गावात माकडताप आला, त्यानंतर आम्ही बुटांकडे वेगळ्या नजरेने बघतो. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. गोचीड पाचोळ्यातून पायावर चढते आणि इतकी बारीक असते की तीळ वाटावा. जाळीचा आखूड बूट आणि वर तीन-चतुर्थांश पँट हा पोशाख त्या दिवसांत धोक्याचा आहे. लांब पँट, तिचे टोक मोज्यात खोचलेले, घोट्याच्या वर जाणारा बूट, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. गमबूट यात चांगला, कारण गुळगुळीत रबरावर गोचीड दिसते तरी.

जळवांचेही तसेच आहे. नाडीच्या भोकांतून आणि जिभेच्या कडेने त्या आत जातात. सत्तरीकरांच्या पाणी सोडणाऱ्या बुटातून जळूही आत येते. त्यावर घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे हाच उपाय. नुसते मीठ-तंबाखू पहिल्या व्हाळात धुऊन जाते.

सत्तरीकर

जळूमोज्यांना मान्यता, मीही तेच घालतो. उन्हाळ्यातल्या गोचिडीचा मुद्दाही बरोबर, तेव्हा घोटाबंद बूट हवा. माझा धागा पावसाळी चालीपुरता आहे.

केपेकरीण ताई, टाच उचलत असेल तर सगळ्यात वरच्या भोकांत नाडीचे दोन्ही बाजूंना छोटे फासे करून त्यांतून नाडी आडवी ओवून बघा. टाच जागेवर बसते.

@फोंडेकर, बूट कसाही टिकाऊ असला तरी तो मुलुखाप्रमाणे घडावा लागतो. अमेरिकेत मेन राज्यात लिऑन बीन यांनी 1912 साली शिकाऱ्यांसाठी खाली रबर आणि वर चामडे असा बूट काढला. पहिल्या 100 जोड्यांतल्या 90 शिवण उसवून परत आल्या, त्यांनी पैसे परत दिले आणि बूट सुधारून पुन्हा विकला. तिथल्या बर्फाळ चिखलाला तो जमला. आपल्या जांभ्यासाठी आणि व्हाळांसाठी तसा बूट अजून कोणी केलेला नाही.

फोंडेकर

मग मला ऑक्टोबर ते मे द्या. आठ महिने चामडे, चार महिने तुमची जाळी. पण नवशिक्याला एकच जोडी घ्यायची ऐपत असेल तर मी त्याला घोटाबंद बूटच सांगेन, आणि पावसात सड्यावर जाऊ नकोस म्हणून सांगेन.

काजूवाला_सांगे

केपेकरीण ताईंचा प्रश्न रास्त आहे. मी आतापर्यंत सात आणि आठ नंबरच मागवत होतो. यंदा चार आणि पाचचे मागवतो, सोल रबराचा आहे की पीव्हीसीचा हेही विचारून. पण द्यायचे ते गमबूटच. माझ्या डोंगरावर जाळीचा बूट घालून कोणाला पाचोळ्यात उतरू देणार नाही.