प्रति: अडीच इंची काढून तीन इंची एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) पाइप

'तीन इंची टाका, जुना पिकअप मोकळा श्वास घेईल' हे अर्धंच खरं. अडीचवरून तीनवर गेलं की आतलं क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं, कबूल. पण बेंड साध्या प्रेसवर मारला तर पाइप नेमका वळणावर चेपतो आणि केलेला खर्च तिथेच अडकतो. त्यापेक्षा मँड्रेल बेंडचा, म्हणजे आत आधार घालून न चेपता वळवलेला, अडीच इंची बरा. आणि कापाकापीआधी बॅकप्रेशर, म्हणजे धुराची वाट अडल्याने पाइपात साचणारा दाब, मोजा की! कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात गेज लावा, गरम इंजिन २,५०० आरपीएमवर धरा. काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर बहुधा कॅट नाहीतर सायलेन्सर तुंबलाय. सेन्सर गरम असतानाच सोडवा, थंड झाल्यावर आटे सोलतात.