औंध राहिलंच की!

कुणीतरी लिहिलंय की लहान गावातल्या संग्रहालयात गंजक्या तलवारी आणि पेंढा भरलेला वाघ, यापलीकडे काही नसतं. अहो, मग औंध राहिलंच की! पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. तिथे यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली सुरू केलेलं. सूर्यनमस्कारवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण गडी स्वतः चित्रकार होता, त्यामुळे वस्तू नुसत्या जमवलेल्या नाहीत, निवडलेल्या वाटतात.

राजा रविवर्मांची 'सैरंध्री' इथेच आहे. कीचकाकडे जावं लागणार म्हणून कासावीस झालेली द्रौपदी. छापील चित्रं शंभरदा पाहिली असली तरी मूळ चित्रासमोर पाय थबकतात. आणि प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि बालक'! छोटंसंच दगडी शिल्प. घाईत असाल तर शेजारून निघून जाल. बहुतेक मंडळी तेच करतात, किंवा यमाईला नारळ फोडून थेट गाडीत बसतात.

जाण्याआधी सुट्टीचा वार मात्र विचारून घ्या. आम्ही एकदा चढ चढून कुलूप बघून आलोय.